रिपोर्टाच्या खालच्या ओळी

साताऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त घेण्याचं आणि तपासण्याचं काम करते. सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागते, त्यात मधुमेहवाले बरेच. राखाडी टोपणाची ट्यूब साखरेला, जांभळी एचबीएवनसीला, पिवळी लिपिडला. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आले की कागद हातात घ्यायच्या आधीच विचारतात, "ताई, साखर किती?" आकडा कळला की रिपोर्ट घडी होऊन पिशवीत जातो. खालच्या ओळी कुणी वाचत नाही आणि हृदयाचं बरंचसं त्या ओळींतच असतं.

माझ्या आत्याचं असंच होतं. एचबीएवनसी कायम सातच्या आत. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. तो चांगला, त्यात आत्या काटकुळी. "अगं, माझ्या अंगावर मांस कुठंय? मला कसला हार्टचा त्रास होतोय!" असं ती म्हणायची. या समजाला उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! आपल्याकडे बारीक माणसाच्या पोटातही चरबी दडून बसते.

आत्याची पिवळी ट्यूब सेंट्रीफ्यूजमधून बाहेर काढली की वरचं सीरम दुधाळ दिसायचं. एरवी ते फिकट पिवळं, आरपार दिसेल असं असतं. दुधाळ दिसलं की ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलंय हे मशीनवर लावायच्या आधीच कळतं. तिचं 380 आलं होतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र 98, त्याच्यापुढे कसलीही खूण नाही.

मधुमेहात फसगत होते ती इथे. पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल मशीनवर मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. फ्रीडवाल्ड यांचं हे सूत्र 1972 सालचं. ट्रायग्लिसराइड 400च्या पुढे गेलं तर ते वापरतच नाहीत, पण त्याच्या आधीपासूनच एलडीएल खरं आहे त्याहून कमी दिसायला लागतं. शिवाय मधुमेहात एलडीएलचे कण बारीक होतात. एकेका कणात कोलेस्टेरॉल थोडं, म्हणून आकडा बरा दिसतो. कण मात्र संख्येने जास्त असतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात ते हे कणच. अपोबीच्या तपासणीत ही संख्या कळते, कारण प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो. तिचे पैसे जड वाटले तर एक वजाबाकी घरीच करा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की नॉन-एचडीएल मिळतं. मधुमेहात ते 130च्या आत हवं, धोका जास्त असेल तर त्याहूनही खाली. आत्याचं 210 वजा 36, म्हणजे 174 होतं.

डॉक्टरांनी तिला कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन लिहून दिलं होतं. महिनाभर घेऊन तिने सोडलं. साखर नॉर्मल आहे, मग ही गोळी कशाला, हा तिचा प्रश्न. हृदयविकार नसलेल्या आणि एलडीएल फारसं न वाढलेल्या मधुमेहींना अटोर्वास्टॅटिनची 10 मिलिग्रॅमची गोळी देऊन 'कार्ड्स' नावाची चाचणी झाली होती. 2004 साली तिचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात असे मोठे प्रसंग एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले. हे मी तिला सांगितलं. तिने हसून विषय बदलला.

दिवाळीच्या साफसफाईत तिला दम लागला, दरदरून घाम आला. छातीत दुखलं नाही, म्हणून पित्त समजून घरच्यांनी लिंबूपाणी दिलं. मधुमेहात हृदयाकडच्या मज्जातंतूंची जाणीव बोथट होते, झटका न दुखताही येतो. मधुमेहाच्या माणसाला अचानक असा दम आणि घाम आला तर पित्त समजून वाट बघत बसू नका, ईसीजी काढा. हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तिचं वाढलेलं निघालं. वेळेत अँजिओप्लास्टी झाली आणि आत्या घरी आली.

आता ती सगळ्या तपासण्या करते. लघवीतलं अल्ब्युमिनही बघते, सुईसुद्धा लागत नाही त्याला. क्रिएटिनिनच्या प्रत्येक ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमपासून पुढे गेलं की मूत्रपिंडाबरोबर हृदयाचाही धोका वाढलेला असतो. तिचं लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच एक कण, जास्त निघालं. ते बहुतांशी जन्मतःच ठरतं, पथ्याने फारसं हलत नाही, म्हणून ही तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. रक्ताच्या नात्यात येणारी गोष्ट, म्हणून तिच्या भावाची, म्हणजे बाबांचीही केली. त्यांना मधुमेह नाही, तरी आकडा 50 मिलिग्रॅमच्या वर आला. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि तंबाखू बंद करायला सांगितली. गोळी ते नेमाने घेतात. तंबाखूसाठी मी आणि आत्या दोघी त्यांच्या मागे लागलोय.