साळोबा

पवईला जनावरांचे अप्रूप कोणाला नाही. तलावात मगरी आहेत. त्या काठावर ऊन खात पडल्या की रस्त्यावरची माणसे घटकाभर थांबून पाहतात आणि आपापल्या कामाला लागतात. मागच्या डोंगरातून कधी बिबट्या उतरतो, आय.आय.टी.च्या आवारात फिरून जातो, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याची चर्चा विरूनही जाते. पण २०२३ च्या जून महिन्यात माझ्या घरी मोठ्या पेरूएवढा एक प्राणी आला, आणि आमची सबंध बिल्डिंग आठवडाभर जिन्यात उभी राहिली!

त्याला घेऊन आला तो माझा सहावीतला विद्यार्थी. मी चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या मास्तरापाशी मुले मन मोकळे करतात, कारण हा मनुष्य आपल्याला नापास करू शकत नाही असा त्यांचा समज असतो. या मुलाच्या वडिलांना कॅलिफोर्नियात नोकरी लागली होती. घरचे कपाटसुद्धा जहाजाने जाणार होते. पण मुलाचा हा मित्र काही जाऊ शकत नव्हता. कॅलिफोर्नियात असा प्राणी घरी पाळायला कायद्यानेच मनाई आहे.

"सर, तुम्ही फक्त त्याचं चित्र काढा," मुलगा म्हणाला. "मग तो तुम्हाला आपोआप आवडेल."

एवढे बोलून तो झाकणाचा डबा, एक पिंजरा, एक फिरते चाक आणि वहीची दोन पाने माझ्या हवाली करून गेला. जाताना त्याने मागे वळून पाहिले नाही. जिन्याच्या वळणावर मात्र बराच वेळ त्याच्या पावलांचा आवाज थांबला होता.

घरात आम्ही दोघेच, आई आणि मी. बाबा २०२१ साली गेले. तेव्हापासून आई बोलायची ती कामापुरते. भाजी काय आणू, गॅस बंद केलास का, औषध घेतले, संपले. मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि त्यांतली माणसे पानेच्या पाने बोलतात, पण घरात आईला बोलते करण्याचे एकही वाक्य मला कधी सुचले नाही.

तिने डब्यात डोकावून पाहिले. आत काट्यांचा एक गोळा होता. ना तोंड, ना शेपूट. गोळ्याने फुस्स केले. आई एक पाऊल मागे सरली.

"साळू आहे का रे?"

"नाही. हेजहॉग. संस्कृतात जाहक म्हणतात."

"मग साळूच की."

येथे माझ्यातला मास्तर जागा झाला. साळू, म्हणजे आपले साळिंदर, हे उंदराच्या गोतातले, कुरतडणारे जनावर. त्याचे काटे वीतभर लांब आणि हिसका बसला की गळून पडणारे. जाहक नात्याने उंदरापेक्षा चिचुंद्रीला जवळचा, किडे खाणारा. त्याचे काटे बोटाच्या पेराएवढे, आणि ते एरवी सहज सुटत नाहीत. आपल्या देशातही जाहक आहेत. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या मुलखात दोन जाती आणि खाली तमिळनाडूकडे तिसरी. पण ते रानातले, त्यांना धरून घरी आणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही, आणि ते बरेच आहे. हा आमच्याकडे आलेला आफ्रिकेतल्या जातीचा, पिंजऱ्यातच पिढ्यान् पिढ्या जन्मलेला, आणि मुलाच्या वाढदिवसाला दुकानातून विकत आणलेला.

आईने सगळे ऐकून घेतले आणि आत निघून गेली. थोड्या वेळाने ती ट्रंकेतून एक गुंडाळलेले फडके घेऊन आली. त्यात साळिंदराचा काटा होता, काळा-पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा. जुन्या गृह्यसूत्रांत सीमंतोन्नयनाच्या संस्काराला पतीने साळूच्या काट्याने पत्नीचा भांग पाडावा असे सांगितले आहे. हे मी वाचले होते. माझ्या जन्माच्या आधी आमच्या घरी ते झाले होते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

"ह्यांचा हात इतका कापत होता," आई म्हणाली, "की भांग वाकडाच पडला." मग काटा त्या गोळ्याशेजारी धरून तिने मापून पाहिला, आणि म्हणाली, "खरंच. हा नव्हे."

तरी नाव मात्र तिने साळोबा असेच ठेवले. मुलाने ठेवलेले इंग्रजी नाव तिच्या जिभेवर बसेना.

शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, "साळूचा काटा घरात आला की भांडणं लागतात हो!" आई म्हणाली, "आमच्या घरी भांडायला आहे कोण?" काकू हसल्या. मला हसू आले नाही.

मुलाच्या दोन पानांत साळोबाचा सगळा संसार लिहिलेला होता. 'दूध देऊ नये' या वाक्याखाली त्याने तीन रेघा मारल्या होत्या. पण दारी आलेल्या जीवाला वाटीभर दूध ठेवायचे, हे आईच्या हाडीमाशी खिळलेले. तिने ठेवले, साळोबाने मिटक्या मारीत प्याले, आणि पुढले दोन दिवस मी वर्तमानपत्रे बदलीत बसलो. या प्राण्याला दूध पचत नाही. त्यानंतर वाटीत पाणी आले.

खाण्याचा प्रश्न याहून बिकट. त्याला मांजराचे कोरडे खाणे चालते, तेही मोजून, कारण हा प्राणी बघता बघता लठ्ठ होतो आणि मग त्याला नीट मिटताही येत नाही. अधूनमधून उकडलेले अंडे. आणि अळ्या! मुलाने कोंड्याने भरलेल्या डब्यात जिवंत अळ्या दिल्या होत्या. देवघर आणि अळ्या एका छपराखाली नांदणार नाहीत, असे आईने बजावले, म्हणून तो डबा गॅलरीत गेला. महिन्याभराने पाहतो तो आई पिठाची जुनी चाळणी घेऊन अळ्या चाळते आहे आणि त्यांना गाजराची साले घालते आहे. मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही.

दिवसा साळोबा झोपतो. रात्री दहाला उठतो आणि चाकावर धावू लागतो. एका रात्रीत हे प्राणी मैलोन् मैल तोडतात म्हणे. आमचा साळोबा त्या मानाने पवईहून निघून रोज मुलुंडला तरी पोचत असावा. उन्हाळ्यात त्याला गारवा हवा म्हणून आईने फुटक्या माठाचे अर्धे खापर पालथे घालून दिले. तेच त्याचे बीळ झाले. दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या घराकडे त्याने पुन्हा ढुंकून पाहिले नाही.

मी चित्र काढायला बसलो तेव्हा कळले की काटे काढणे सोपे आहे; मिटणे काढणे कठीण. त्याच्या पाठीच्या कडेने, कातडीखाली, एक गोल स्नायू असतो. तो आवळला की पाठीचे कातडे चारी बाजूंनी डोके-पायांवर ओढले जाते. आई कमरेला बटवा खोचते, त्याचा नाडा ओढावा अगदी तसे. उघडायला मात्र त्याला वेळ लागतो. आधी नाकाचा ओला ठिपका, मग एक कान, मग बराच वेळ काहीच नाही. समोरच्याने नुसते बसून राहायचे. डोळे त्याचे अधू. ओळखतो तो वासाने. मुलाने म्हणूनच आपला जुना सदरा डब्यात घालून दिला होता. आईने तो धुऊन टाकला! तिला कळले तेव्हा ती दिवसभर गप्प होती. रात्री तिने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्या खापराखाली सरकवला.

एकदा तिने गुडघ्याला बाम चोळला आणि त्याच हाताने त्याला उचलले. साळोबाने बोट हुंगले, चाटले, तोंडाला फेस आणला आणि मान पार वाकडी करून तो फेस आपल्याच पाठीवर थापू लागला. आम्ही घाबरलो. फेफरे म्हणावे की आणखी काही? ज्या डॉक्टरांना फोन लावला ते आधी म्हणाले, आम्ही कुत्री-मांजरी पाहतो. मग लक्षणे ऐकून हसू लागले. नवा, उग्र वास भेटला की हे प्राणी असेच करतात. का करतात यावर जाणकारांचेही एकमत नाही. "अत्तर लावतोय," आई म्हणाली आणि तिने विषय मिटवला.

मला विचाराल तर असा प्राणी कोणी हौसेने विकत आणू नये. आफ्रिकेतल्या माळावर रात्रभर भटकायचे ते जनावर, त्याने आमच्या दुसऱ्या मजल्यावर एका चाकात आयुष्य काढावे, हे मला अजून पटत नाही. पण तो आला होता, आणि परत पाठवायला जागा नव्हती.

२०२४ च्या जानेवारीत थंडी पडली. मुंबईची थंडी ती काय, असे तुम्ही म्हणाल. पण तलाव आणि डोंगर यांच्यामध्ये असलेल्या आमच्या खोल्या पहाटे बऱ्याच गारठतात. साळोबाला चोवीस ते एकोणतीस अंशांची ऊब लागते. म्हणून डब्यावर एक बल्ब टांगला होता. त्या रात्री तो बल्ब उडाला. आम्ही झोपेत होतो.

सकाळी साळोबा अर्धवट मिटून पडला होता. पोट गार. बोट लावले तरी फुस्स नाही. थंड देशातले त्याचे भाऊबंद हिवाळाभर झोप काढतात. पण हा त्या जातीचा नव्हे. थंडीने त्याला गुंगी आली तर तीतून तो परत येईलच असे नसते. कादंबरीत मी चांगली धडधाकट माणसे मारली आहेत, पण त्या क्षणी मला एकच सुचले: तलावाच्या काठी खड्डा खणायला कोणी हरकत तर घेणार नाही ना?

"दे इकडे," आई म्हणाली.

तिने त्याला माझ्या हातून घेतले, पोटाशी धरले, वरून पदर आणि पदरावर शाल घेतली. मी गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून दिली. एकदम शेकायचे नाही, गरम पाण्यात बुडवायचे तर मुळीच नाही, हे मुलाच्या दुसऱ्या पानावर लिहिले होते. अंगाची ऊब, सावकाश.

आई भिंतीला टेकून बसली. दूधवाला आला, गेला. शाळेत मी कळवून टाकले. घड्याळाकडे पाहणे मला बरे वाटेना, म्हणून मी तिच्याकडे पाहत होतो. बऱ्याच वेळाने ती बोलू लागली, माझ्याशी नव्हे, समोरच्या भिंतीशी.

"ह्यांचे पाय गार पडलेत असं फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, मी येते, चोळते. आत कोणालाच सोडत नव्हते तेव्हा. माझे हात हे असे... रिकामे."

ती पुढे बोलली नाही. मीही बोललो नाही. पिशवीतले पाणी मी दोनदा बदलले. मग आईने अचानक तोंड वाकडे केले.

"टोचतंय रे," ती म्हणाली. "टोचतंय!" आणि ती हसू लागली, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

पोटावर तिच्या पुढे दोन दिवस लाल ठिपके होते. औषध लावू दिले नाही.

साळोबाची चाल आता मंदावली आहे. हे प्राणी चार-सहा वर्षे जगतात, असे मी एकदा आईला सांगितले. "मग माझ्या बरोबरीचाच म्हणायचा," ती म्हणाली आणि गाजर किसू लागली.

२०२४ च्या लक्ष्मीपूजनाला संध्याकाळपासून फटाक्यांनी कान किटले होते. आईने पूजा आटोपली आणि आतल्या खोलीत, खिडक्या लावून, डब्यावर गोधडी घालून ती बसून राहिली. आठ वाजता मुलाचा फोन आला. तिकडे सकाळ होती. तो शाळेला निघाला होता. आवाज जरा जाड झालेला.

"आजी, तो कसा आहे? त्याला मी आठवत असेन का?"

आईने उत्तर दिले नाही. गोधडीचे टोक उचलून तिने फोन खापरापाशी धरला. बाहेर एक लड कडाडली. आत साळोबाने फुस्स केले.

"आजी, तो रागावलाय!"

"रागावला नाही रे बाळा, घाबरलाय. तू बोल त्याच्याशी."

पलीकडे क्षणभर शांतता. मग हजारो मैलांवरून, दात मिटून, त्या मुलाने हुबेहूब तसेच फुस्स केले. खापराखालून त्याला उत्तर आले. पुन्हा तिकडून. पुन्हा इकडून. आईचा हात अवघडला असावा, पण तिने फोन हलवला नाही.