ब्रेकमधला बुडबुडा

बालमित्रांनो, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्या आईबाबांच्या लहानपणी ती बहुधा 'प्रीमियर पद्मिनी' असायची. ही गाडी तयार व्हायची आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती टॅक्सी म्हणून शेवटची धावली. पण काही हौशी लोकांनी आपल्या घरच्या पद्मिनी अजून जपल्या आहेत. तशीच एक आमच्या वाकोल्यातल्या गॅरेजमध्ये आली होती.

गाडी दिसायला झकास! रंग नवा, गाद्या नव्या. पण ब्रेक दाबला, की पाय स्पंजावर पडल्यासारखा खाली जायचा. दोन-तीनदा दाबावं, तेव्हा कुठे गाडी थांबायची.

"बाई, गाडी चालू झाली नाही तर माणूस घरी बसतो. पण थांबली नाही तर?" मिस्त्री म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर शाळा सुटल्यावर रस्त्यावर येणारी तुम्ही मुलंच आली!

आता ब्रेकची गंमत ऐका. पायडल दाबलं, की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइलला बारीक नळ्यांतून चाकांकडे रेटतो. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलं. द्रव दाबून आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर झटकन चाकापर्यंत जातो. हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा शिरला, की तुमचा जोर तोच गिळून टाकतो!

मिस्त्रींनी सिलिंडर उघडला. आत गंज, आणि रबरी वायसर चिरलेले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ते वर्षानुवर्षं बदललं नाही, की सिलिंडर आतून गंजतो. गंजाने खोल खड्डे पडले असते, तर तो फेकावाच लागला असता. इथे गंज वरवरचा होता. त्यांनी तो घासून, धुऊन लख्ख केला. नवे वायसर स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवले. पेट्रोल किंवा साधं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने हे रबर फुगतं. पायडलची झिजलेली पिन, बुश आणि ढिली स्प्रिंगही बदलली.

मग हवा काढायची होती. मी पायडल दाबून धरायचं आणि मिस्त्रींनी चाकाजवळचा निपल सोडायचा. बुडबुड बुडबुड! निपल आवळला, की मी पाय उचलायचा. असं चारही चाकांचं झालं. शेवटी पायडल कसं घट्ट लागलं म्हणता!

तुम्हीही करून पाहा. सुई नसलेल्या दोन सिरिंज पाणी भरून नळीने जोडा. एक दाबली, की दुसरी लगेच वर येईल. आता थोडी हवा जाऊ द्या आणि फरक बघा.

आणि हो, आज घरी एक प्रश्न जरूर विचारा : "बाबा, आई, आपल्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?" दोन वर्षं होऊन गेली असतील, तर त्यांना गॅरेजची वाट दाखवा!