सलाबतखानाचा मकबरा आणि इतरांची नावं

संपादकांनी सुचवलेला विषय होता ‘चांदबिबीचा महाल’. नगरजवळच्या (आताच्या अहिल्यानगरजवळच्या) शाह डोंगरावर चांदबिबीचा महाल नाहीच, असं मी फोनवर सांगितलं. तर म्हणाले, “मग तेच लिहा ना ताई. फक्त फार तांत्रिक नको.” बघते.

डोंगरावर आहे तो सलाबतखान दुसरा याचा मकबरा. हा नगरच्या मूर्तझा निजामशहाचा वजीर, 1589 मध्ये वारला. चांदबिबी ही मूर्तझाची बहीण, विजापूरच्या अली आदिलशहाची राणी. 1595-96 मध्ये शहजादा मुरादच्या मोगली फौजेसमोर तिने नगरचा किल्ला लढवला आणि 1600 मध्ये आपल्याच बाजूच्या माणसांच्या हातून ती मारली गेली. तिच्या शौर्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ती इथे राहिली नाही. महाल म्हणजे मुदपाकखाना, जनाना, नोकरचाकरांची सोय. इथे तळघरात कबरी आहेत आणि वर कमानींचे तीन मजले. इंग्रजांनी आजारी गोरे सोजीर हवापालटासाठी इथे ठेवले होते, म्हणजे राहता येतं, असं एका गृहस्थांनी मला सुनावलं. सोजिराला काय, कुठेही ठेवतात.

मध्यंतरी पर्यटनाच्या एका माहितीपत्रकासाठी मजकूर लिहून दिला. छापून आला तेव्हा वर ठळक मथळा ‘चांदबिबी महाल’ आणि खाली माझा परिच्छेद, हा महाल चांदबिबीचा नाही असं सांगणारा. हे दोन्ही एकाच पानावर कसं, असं अजून एकाही वाचकाने विचारलेलं नाही.

इमारत मात्र बघावी अशी. आठ कोनांच्या दगडी चौथऱ्यावर आठ कोनांची वास्तू, उंची सुमारे सत्तर फूट. घुमटाचं वजन नुसतं खाली येत नाही; तो बुडाशी बाहेर ढकलत असतो. चौरस खोलीवर गोल घुमट बसवायचा तर चारही कोपरे आडव्या कमानींनी भरून काढावे लागतात. विजापूरच्या गोल घुमटात त्यासाठी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घातल्या आहेत, आणि ते काम थक्क करणारं आहे. खोली मुळातच अष्टकोनी घेतली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. उरलेला रेटा सभोवतीचे तीन मजली सज्जे झेलतात. लोक त्यांना ‘राणीच्या गॅलऱ्या’ म्हणतात. त्या उभ्या आहेत घुमटाला टेकू द्यायला! बाहेरून घुमट उठून दिसत नाही. वरचं काम अर्धवट राहिलं असावं, असं माझं मत.

आता ताजमहाल. यावर मी लांबते, हे घरच्यांना माहीत आहे. शहराच्या आग्नेयेला फराहबाग आहे, एकेकाळी तलावाच्या मधोमध उभा असलेला महाल. निजामशाहीतल्याच एका चंगेझखानाने तो सुरू केला, नियामतखानाने पुरा केला, मूर्तझाला आवडला नाही म्हणून पाडला गेला, आणि सलाबतखानाने 1583 च्या सुमारास पुन्हा उभा केला. तिथे दहा मिनिटं थांबा, कोणीतरी सांगतोच की शहाजहानने ताजचा नकाशा इथून उचलला. साम्य आहे, नाही कसं? मध्ये घुमटाचं उंच दालन, चारही बाजूंना भव्य कमानी (इवान म्हणतात त्यांना, एवढा एकच शब्द चालवून घ्या), कोपऱ्यांत लहान दालनं. पण हा आराखडा तैमुरी हेरातचा. ‘हश्त बिहिश्त’ म्हणतात त्याला, आठ स्वर्ग. दिल्लीला हुमायूनचा मकबरा 1570 च्या आसपास याच आराखड्यावर पुरा झाला, मीरक मिर्झा घियास या वास्तुकाराच्या हातून. पणजोबांची कबर घरच्याच अंगणात असताना शहाजहानला नकाशासाठी नगर गाठायची काय गरज? आणि नगरमध्येच, निजामशाहीच्या पहिल्या पिढीत, 1506 च्या सुमारास हश्त बिहिश्त बाग झाली. तिच्यातही तलावात अष्टकोनी महाल. (तिचा कर्ता दुसराच एक सलाबतखान. आपल्या सलाबतखानाचं नशीबच तसं.) फराहबागेची खरी वडीलधारी ती. पण तिला ताजची सोयरीक नाही, म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही.

अशा लाडक्या समजुती रोजच्या कामातही भेटतात. माझं पोट चालतं ते मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटवर. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीला ते कायद्याने लागतं. सभेत प्लास्टर ठोकून दाखवलं की सळईचा गंज खाली पडतो आणि एखादे काका उसासा टाकतात, “जुनी माणसं कशी बांधायची बघा!” काका, जी पडली ती मोजायला कोणी उरलं नाही. फराहबाग तर नवीकोरी असतानाच पाडली गेली. शिवाय चुन्याच्या जुन्या भिंतीला ‘मजबुती’ म्हणून सिमेंटचा गिलावा फासणारेही आपणच. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती आतच अडवतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता सांगताना माझाच आवाज मला कंटाळवाणा वाटतो.

पुन्हा डोंगराकडे. शंका एकच छळते. चांदबिबीचं नाव काढून टाकलं तर डोंगर चढेल कोण? नुसत्या वजिरासाठी कोणी सहल काढत नाही. पण या वजिराचं सगळ्यात मोठं काम डोंगरावर नाहीच, पाण्यात आहे. भातोडीचा तलाव त्याने बांधवला. 1624 मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने भातोडीच्या (भातवडीच्या) लढाईत याच तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही छावण्यांत चिखल केला. त्या लढाईत शहाजीराजे लढले, त्यांचे भाऊ शरीफजी पडले. पुढे इंग्रजांनी तलाव दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला. एवढा इतिहास तर मराठी घरात चांदबिबीइतकाच जवळचा असायला हवा.

माहितीपत्रकाच्या नव्या आवृत्तीत भातोडी घाला, असं मी कळवलं. उत्तर आलं, “मॅडम, तलावात बघण्यासारखं काय आहे?”

बांध आहे, असं उलट कळवलंय.