दाढ सांगेल तेवढंच

बैलबाजारात वय ठरतं ते पुढच्या दातांवर. अदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि आठही आले की जुळला. गोदाकाठचे एक निवृत्त गुरुजी नदीच्या वाळू-कंकरीतले जबडे गोळा करतात. त्यांची कायमची तक्रार हीच, की दात बघायला पुढचं तोंडच शिल्लक नसतं. नसणारच. गुरांचे पुढचे दात मुळातच सैल. जबडा प्रवाहात गडगडला की ते गळतात, हनुवटीकडचा नाजूक भागही मोडतो. आमच्यासारख्या जीवाश्म तपासणाऱ्यांच्या वाट्याला येतात त्या दाढा.

परवाचा तुकडा खालच्या डाव्या जबड्याचा होता, मागच्या तिन्ही दाढा जागेवर. हाताला जड, फटींत चुनखडी घट्ट बसलेली. काळ्या रंगावर मी जात नाही; चिखलात पडलेल्या अलीकडच्या हाडालाही तो चढतो. शंका असेल तर कोपऱ्यातला कण जाळून बघावा. ताजं हाड केस जळल्यासारखा घाण वास मारतं. याला तो वास आला नाही, म्हणजे जीवाश्मच.

मग दाढेचा माथा. जोडीजोडीने चंद्रकोरी, म्हणजे रवंथ करणारं जनावर. घोड्याच्या दाढेत एनॅमलच्या नागमोडी घड्या दिसतात, डुकराच्या दाढेवर नुसते उंचवटे. शेवटच्या दाढेला तीन पाळ्या होत्या. पाळ्यांच्या बेचक्यात, गालाकडच्या अंगाला एक उंच, बारीक खांब. हरणाची दाढ बुटकी आणि तिचा खांबही बुटका, तेव्हा हरीण बाद. ही तिसरी दाढ नुकती झिजू लागली होती. आजच्या गुरांत ती दोन-अडीच वर्षांची होताना येते. गुरुजींना म्हटलं, "तुमच्या बाजारात हा दोनदाती म्हणून उभा राहिला असता." ते खूश.

"मग सर, बोस नमॅडिकसच ना?"

नर्मदेवरून नाव पडलेला हा रानबैल गुरुजींनी पुस्तकातून पाठ केलाय. पण गोदावरीच्या जुन्या थरांत रानम्हशीचीही हाडं मिळतात आणि दोघांच्या दाढा फार सारख्या. सोबत शिंगाचा गाभा असता तर भांडण मिटलं असतं, बैलाचा गोलसर आणि म्हशीचा तिकोनी. तो नाही. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'मोठा गोवर्गीय प्राणी, जात अनिश्चित.' गुरुजींचा चेहरा पडला. डॉक्टरने 'व्हायरल असेल' म्हटल्यावर पडतो तसा.

त्यांना मी रामापिथेकस या लुप्त वानराची गोष्ट सांगितली. १९३२ साली शिवालिक टेकड्यांत, हरितल्यांगरजवळ जी. एडवर्ड लुईस यांना वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. साठच्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी त्याला माणसाच्या पूर्वजांच्या पंगतीत बसवलं, कारण दातांची कमान माणसासारखी मागे रुंदावणारी वाटली. तुकड्यात जबड्याची मध्यरेषाच नव्हती. दुसरी बाजू जुळवताना कोन किती ठेवायचा, हे जुळवणाऱ्याच्या हातात! पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर जास्त धड जबडे आणि एक चेहराही सापडला. तो चेहरा १९८२ मध्ये पिलबीम यांनीच प्रसिद्ध केला. नातं निघालं ओरांगउटानशी.

गुरुजींनी चिठ्ठी जबड्याला बांधली, पण 'अनिश्चित'वर बोट ठेवून म्हणाले, "हे पेन्सिलीनं लिहायला हवं होतं." बरोबर आहे त्यांचं. जबडा निघाला त्याच दरडीत शिंगाचा बुंधा बघा, असं मी त्यांना सांगितलंय, आणि मिळाला तर घासूनपुसून आणू नका, चुनखडीसकट आणा.