फणसाचा चीक आणि मनीचा पंजा

फणस चिरायला घेण्यापूर्वी विळीच्या पात्याला आणि हातांना खोबरेल तेल चोळावे, हे आमच्या आजऱ्याकडे मुलींना लहानपणापासूनच ठाऊक असते. चीक पाण्याला दाद देत नाही. तेलापुढे मात्र नमतो. परसातली ही विद्या मांजराच्या कामी येईल, असे कधी मनात आले नव्हते.

गेल्या वैशाखात झाडावरचे फणस उतरवले. देठ तोडताच ओघळलेला पांढरा चीक बुंध्यावर आणि खालच्या पाचोळ्यावर पडला होता. आमची मनी त्याच बुंध्यावर नखे घासते. तिन्हीसांजेला ती आली ती पुढचा पंजा झटकतच. बोटांमधले केस चिकटून त्यांची गाठ झाली होती, छातीवरही एक पट्टा माखला होता. आणि बसल्या बसल्या ती चाटू लागली.

भीती होती ती या चाटण्याचीच. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. अंगावरचे जे जिभेवर येते, ते बहुधा पोटातच जाते. शेजारच्या काकूंनी जपून ठेवलेली रॉकेलची बाटली आपुलकीने पुढे केली. "एका फडक्यात निघेल बघ." निघालेही असते; पण पंजावरचे रॉकेल घटकाभरात मनीच्या पोटात गेले असते, आणि कातडी पोळली असती ती वेगळीच. टर्पेंटाइनची, थिनरची गत तीच. निलगिरीचे तेल आपल्याला औषधी वाटते, पण असे अनेक पदार्थ निकामी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नसते.

सासूबाईंनी निकाल दिला, "आपल्या पोटात चालते तेच तिच्या अंगाला लावायचे." (या नियमाला अपवाद आहेत. कांदा-लसूण मांजराला विषच. आमच्या स्वयंपाकघरात तो प्रश्न उद्भवत नाही, इतकेच.)

जुन्या पंचात गुंडाळून त्यांनी मनीला मांडीवर घेतले. मी दोन थेंब खोबरेल बोटांवर घेऊन गाठीत मुरवले आणि पाच-दहा मिनिटे थांबले. चीक मऊ पडल्यावर कंगवा केसांच्या टोकाकडून हळूहळू आत नेला. तेल बेताचेच हवे; फार चाटले गेले तर पोट बिघडते. उरलेले तेल कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपले. कात्री मात्र हाती घेतली नाही. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर तीही वर ओढली जाते आणि पात्यात सापडते.

मनी गुरगुरू लागली की काम थांबायचे. त्यामुळे एका बैठकीचे काम तीन दिवस चालले. तेवढे दिवस ती जेवते की नाही, लाळ गाळते का, उलटी करते का, यावर घरातल्या सर्वांची नजर होती. तसे काही दिसते तर तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले असते. अखेरीस दोन बोटांच्या मधे मोहरीएवढा एक कण राहिला. "राहू दे, केसांबरोबर गळेल," सासूबाई म्हणाल्या. तो गळलाही.

यंदा फणस उतरवल्यावर बुंध्याला जुने गोणपाट गुंडाळले. मनीला ते झाडाच्या सालीपेक्षा अधिक पसंत पडलेले दिसते.