सोळा कोटींचा एक्का

कन्सोलच्या वादात माझा हुकमाचा एक्का ठरलेला असे: प्लेस्टेशन 2, खप 16 कोटी. निन्टेंडोवाला असो की एक्सबॉक्सवाला, आकडा ऐकला की गप्प. ज्याचा खप जास्त तो श्रेष्ठ, यावर माझा ठाम विश्वास होता. आता तो राहिलेला नाही.

जुहूला जेव्हीपीडीतल्या आमच्या इमारतीत तेव्हा एकच पीएस-टू होता. शनिवारी दुपारी त्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडे. कंट्रोलर दोनच, त्यातल्या एकाचं बटण रुतलेलं; हरला तो उठला, हा नियम. रात्री त्याच डब्यावर काकू डीव्हीडी लावून सिनेमा बघायच्या. सोनीच्या हिशेबात हे सगळं मिळून एक नग! आज त्याच इमारतीत दोन भावंडांचे निन्टेंडोचे दोन स्विच आहेत, तेही दुबईहून आलेले. हिशेबात दोन नग, आणि भारताच्या खात्यात बहुधा एकही नाही.

पीएस-टूच्या एका नगामागे इतके खेळाडू, म्हणजे हे माझ्याच पथ्यावर पडणारं, असं आधी वाटलं. पण पीएस-टू विकला गेला जवळजवळ तेरा वर्षं. जपानात तो 2000 मध्ये 39,800 येनला आला, तेव्हा निव्वळ डीव्हीडी प्लेयर म्हणूनही तो परवडायचा. पीएस-थ्री 2006 सालीच आला, तरी 2011 मध्ये शाहरुखच्या ‘रा.वन’चा गेम आपल्याकडे पीएस-टूवरही काढावा लागला. लोकांकडे तोच होता ना! हा खप आवडीचा जितका, तितकाच स्वस्ताईचा.

स्विचचंही तसंच. 15 कोटींच्या पुढे गेला म्हणून केवढं कौतुक. पण त्याआधी निन्टेंडोनं टीव्हीसाठी वी 10 कोटींवर आणि हातातला डीएस 15 कोटींवर विकला होता. दोन यंत्रांची कामं आता एकच करतं, मग ही वाढ म्हणायची की घट? मायक्रोसॉफ्टनं तर 2015 पासून एक्सबॉक्सचे नग सांगणंच सोडलंय. आणि नव्वदीत घरोघरी होते ते कॅसेटवाले नकली टीव्ही गेम? ते कुठल्याच यादीत नाहीत.

त्यामुळे दोन पिढ्या शेजारी ठेवायच्याच असतील तर निदान पहिल्या पाच वर्षांचाच खप घ्या आणि बाजूला त्या वेळची किंमत लिहा. नुसता एकूण आकडा घेऊन माझ्याशी वाद घालायला येऊ नका.