बैल केवढा असावा?

कठाणी हे गडचिरोलीतल्या नदीचं नाव. आमच्या गुरांच्या जातीचंही तेच. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडची ही गुरं आधी कागदावर नुसती ‘गावठी’ होती. मग कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं त्यांची जात म्हणून नोंद केली. पुण्याहून फोन करून मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “त्यानं भाव वाढते का?”

कठाणी बैल अंगानं लहानच. पण धानाच्या बांधीत चिखलणीला तेच अंग कामाचं. जड जनावर रुततं. जंगलातलं गवत आणि घरची तणस एवढ्यावर तो वर्ष काढतो.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या अंगाला चक्क आकडा देतात, कमरेची उंची आणि वय पाहून. 1950 च्या दशकात तिथं बुटक्या गुरांची हौस होती, 1970-80 मध्ये उंच गुरांची. मग उंच गायींचा चारा परवडेना. यामागचं गणित मला, कोड लिहिणाऱ्याला, फार आवडलं. नुसतं जगायला लागणारी ऊर्जा साधारण वजनाच्या 0.75 घातानं वाढते. म्हणजे 250 किलोच्या जनावरापेक्षा 500 किलोच्याला दुप्पट नाही, 1.68 पट लागते. किलोमागे मोठंच स्वस्त! फक्त चारा भरपूर हवा, आणि शेवटी किलोवर विकता यायला हवं.

आमच्याकडे किलोचा विषय कुणी काढत नसे. म्हातारा बैल ‘बाजारात गेला’, एवढंच. पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पैशांत भर घालून नवी जोडी यायची. 1976 च्या कायद्यानं गायीची कत्तल बंद होती, पण कामातून गेलेल्या बैलाला दाखल्यावर वाट होती. मार्च 2015 मध्ये तीही बंद झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हशी-रेडे तेवढे सुटले. मे 2016 मध्ये उच्च न्यायालयानं परराज्यातून आणलेलं गोमांस बाळगण्यावरची बंदी काढली, बैलांच्या कत्तलीवरची ठेवली.

श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण तिचा खर्च ज्याच्या कोठ्यात म्हातारा बैल उभा आहे, त्यानंच का उचलायचा? आता त्या बैलाच्या देहाचे पैसे मिळतात ते वाघानं मारला तर. वनखातं बाजारभावाच्या 75 टक्के देतं, तेही ठरलेल्या मर्यादेत. आणि म्हाताऱ्या बैलाला बाजारभाव कुठला?

देशात 2012 ला नर गोवंश सुमारे 6.79 कोटी होता, 2019 ला 4.74 कोटी. यात ट्रॅक्टरचा वाटा मोठा, सगळा दोष कायद्याचा नाही. कृत्रिम रेतनातही आता बहुतेक कालवडीच होतील असं वीर्य मिळतं. आमच्या भागात दुधासाठी जर्सी संकर येतो. त्याचा गोऱ्हा तर ना चिखलाचा, ना बाजाराचा. कठाणी गायीला दूध थोडं. तिची किंमत तिच्या गोऱ्ह्यात होती.

यंदा पोळ्याला घरी गेलो तेव्हा आमच्या गायीला गोऱ्हा झालेला.

“कालवड असती त बरं झालं असतं,” बाबा म्हणाले. आजा गोऱ्हा झाला की गूळ वाटायचा.

“मग, ठेवता का?”

“ठेवू. खालच्या बांधीत ट्रॅक्टर उतरत नाई.”